विद्यापीठाच्या लायब्ररीतले कुठले नकाशे आधी बघावेत?

तुम्ही विचारलंय की नागपुरात भूगोलाला ॲडमिशन घेतली, सर म्हणाले लायब्ररीत जाऊन नकाशे बघा, तर नेमके कुठले बघायचे आणि मोबाईलवर सगळं दिसत असताना या जुन्या कागदांचा उपयोग काय. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशांच्या कपाटांवर सहा वर्षं काम केलंय, आता शाळेत शिकवते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

जगप्रसिद्ध नकाशे नंतर बघा, आधी तुमच्या स्वतःच्या गावाची टोपोशीट, म्हणजे नद्या, टेकड्या, वाटा, घरं सगळं दाखवणारा बारकाव्याचा नकाशा, काढून मागा. सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याचे हे नकाशे, जुने असतील तर एक इंच म्हणजे एक मैल, नंतरचे १:५०,००० म्हणजे नकाशावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. नंबर बघून लोक घाबरतात पण सोपं आहे. ४ अंश बाय ४ अंशाचे मोठे चौकोन, आपला चौकोन ५५. त्याचे ए ते पी असे १६ तुकडे, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून खाली खाली मोजायचे, चार झाले की शेजारच्या रांगेत परत वरून, नागपूर ५५ ओ मध्ये येतं. त्या ओ चे परत तसेच १६, आणि आपलं शहर बरंचसं ५५ ओ/४ वर. ७९ रेखांशाच्या पश्चिमेला सरकलात की लगेच ५५ के/१६ लागते, म्हणजे दोन शेजारच्या शीटची अक्षरं वेगळी, आणि इथेच नवीन पोरं चुकतात, ओ/४ च्या बाजूची शीट ओ मध्येच शोधत बसतात.

आता उपयोग काय ते माझ्याच घरचं सांगते. माझ्या मामाचं गाव वैनगंगेच्या काठी होतं, गोसीखुर्दच्या धरणात गेलं. धरणाची पायाभरणी १९८८ ची, पुनर्वसनाचं पुढं कितीतरी वर्षं चाललं, आणि आज मोबाईलवर तिथं बघितलं तर निव्वळ निळं पाणी दिसतं, दुसरं काहीच नाही. कामाच्या दुसऱ्याच महिन्यात एक ड्रॉवर लावत असताना ५५ पी/९ हातात आली, पवनीच्या भागाची, आणि त्यात गाव होतं. घरांचे छोटे छोटे लाल ठिपके, देवळाची खूण, विहिरीचा निळा गोल, नदीकडे उतरणारी बैलगाडीची वाट तुटक रेघांनी काढलेली. आईला घेऊन गेले, तिनं बोट ठेवून सांगितलं की ही वाट इथून नाही, चिंचेपासून वळायची, आणि मग स्वतःच म्हणाली की नाही बरोबर आहे, पुराच्या आधी इथूनच होती. म्हणजे सर्व्हेवाला माणूस खरंच त्या वाटेनं चालला होता! तेव्हापासून मला कोणी विचारलं की जुना नकाशा कशाला, तर मी हीच शीट सांगते.

पूर्व विदर्भाच्या शीटवर अजून एक गोष्ट बघा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या. निळे डाग दिसतील शेकड्यानं आणि प्रत्येकाच्या एका बाजूला सरळ किंवा किंचित वाकडी काळी रेघ. ती पाळ, पाणी अडवणारा बांध. हे मालगुजारी तलाव, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या मालगुजारांच्या ताब्यातले, आपल्याकडं मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात ते, आणि बारके असतील तर बोड्या. जुनी एक इंची शीट आणि नंतरची १:५०,००० शेजारी ठेवा आणि एकेक तलाव मोजा, कुठला आटून शेत झाला, कुठल्याचं पात्र अर्धं राहिलं, कुठला घरांच्या ले-आउटखाली गेला ते समजतं. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि तलाव सरकारकडे आले, नंतर पाळीची डागडुजी कोणी करायची हा प्रश्न गावोगावी राहिलाच, तो नकाशावर डोळ्यांनी दिसतो. एमएच्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला विषय मला तरी माहीत नाही.

शीट वाचताना समास आधी वाचा, मधलं चित्र नंतर. सर्व्हे कोणत्या साली झाला आणि छापली कोणत्या साली ही दोन वेगळी सालं असतात, मध्ये कधी कधी पुष्कळ वर्षं जातात, आणि पोरं छपाईचं साल धरून निष्कर्ष काढतात, तसं करू नका. साल फाटलेलं असेल तर नकाशालाच विचारायचं. नागपूरला रेल्वे पोचलेली दाखवली असेल तर तो १८६७ च्या नंतरचा. मध्य प्रांत असं नाव असेल तर १८६१ नंतरचा, वऱ्हाड त्याला जोडलेला असेल तर १९०३ नंतरचा. गडचिरोली वेगळा जिल्हा दिसला तर १९८२ नंतरचा, गोंदिया वेगळा दिसला तर १९९९ नंतरचा. आम्ही कपाटातले कितीतरी बिनसालाचे कागद असेच लावले.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी मला कुणी वेळेवर सांगितली नाही. जुनी टोपोशीट स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि सॅटेलाइट इमेजवर ठेवली की रस्ते, नाले सगळंच शेकडो फूट सरकलेलं दिसतं, वाटतं नकाशा चुकला. नकाशा चुकलेला नसतो. जुन्या शीट जॉर्ज एव्हरेस्ट या सर्व्हेअरच्या १८३० च्या पृथ्वीच्या मापावर आहेत, त्यांचा मूळ बिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कालियानपूरला, आणि आपला जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ या नव्या जागतिक मापावर. सॉफ्टवेअरमध्ये कालियानपूरचा डेटम, म्हणजे मोजणीचा तो पाया, निवडला की बरंचसं जागेवर बसतं. माझे यात पंधरा दिवस गेले.

मापाचा विषय निघालाच आहे तर हिंगणघाटचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नागपूरच्या भूगोलाच्या पोरांनाही ते माहीत नसतं. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासकडून त्रिकोणमितीची मोजणी सुरू केली, साधारण अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांच्या खांद्यावर वाहून नेत, एकदा ते तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना आपटून वाकलं तर यानं स्वतः बसून सरळ केलं. वीस वर्षं उत्तरेकडे सरकत सरकत तो नागपूरला यायला निघाला आणि वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ ला वारला. कबर तिथंच आहे. पुढचं काम एव्हरेस्टकडे गेलं, पर्वताचं नाव ज्याच्यावरून पडलं तो. या मोजणीचे त्रिकोणांचे नकाशे कुठल्याही संग्रहात मिळाले तर जरूर बघा, त्यावर ना गाव ना शेत, फक्त टेकड्यांवरचे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, पण नंतरचा प्रत्येक नकाशा त्याच सांगाड्यावर उभा आहे. नागपुरातल्या झिरो माइल या मोजणीच्या खुणेला जाऊन आलात तर घोड्यांचे फोटो काढून परत येऊ नका, बाजूच्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलीय ती वाचा, १०२०.१७१ फूट, १९०७ चा बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण, आहे तो.

जगप्रसिद्धमधला एकच सांगते, जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा, १७८२ चा, पुढं १७८८ ला नवा काढला. रेनेल बंगालचा सर्व्हेअर जनरल होता, नागपूर त्यानं पाहिलेलं नाही, लंडनमध्ये बसून फौजांच्या कूचनोंदी आणि प्रवाशांच्या डायऱ्या जोडून नकाशा केला. त्यामुळे फौजा जिथून गेल्या तिथं गावं दाट, आणि नागपूरकर भोसल्यांचा नागपूर ते कटक हा जंगलाचा पट्टा विरळ. कोपऱ्यातलं चित्र नीट बघा, ब्राह्मण आपले ग्रंथ ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बाईच्या, हाती देताहेत. नकाशा कोणासाठी काढला ते त्या चित्रातच आहे, आणि मला ते प्रत्येक वेळी खटकतं.

मूळ कागद मिळाला नाही तरी अडत नाही. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत इम्पीरियल गॅझेटियरचे नकाशे आणि श्वार्ट्झबर्गचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक ॲटलास फुकट बघता येतो. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा संग्रहात अमेरिकन लष्करानं १९५० च्या दशकापासून काढलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे स्कॅन करून ठेवलेत, नागपूर एनएफ ४४ या गटात. स्टॅनफर्डचा डेव्हिड रम्सी संग्रह झूम करायला सगळ्यात भारी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या आत्ताच्या ओपन सिरीज, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या, शीट त्यांच्या साइटवरून डाऊनलोड होतात, नंबरची पद्धत मात्र बदललीय, ५५ च्या ऐवजी एफ ४४ नं सुरू होतात.

आधुनिक नकाशांसाठी तर नागपूरसारखं गाव नाही. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय, राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्रही इथंच. मातीचा नकाशा टोपोशीटशेजारी ठेवून बघा, काळी जमीन कुठं संपते आणि धानपट्टा कुठं सुरू होतो ते कळतं, मग तलाव तिकडेच काहून एवढे, हेही कळतं.

जाताना पेन नेऊ नका, पेन्सिल न्या, आणि नदी मोजायला एक साधा दोरा. घडीवरून फाटलेली शीट दिसली तर सेलोटेप लावू नका, लावूही देऊ नका, आमच्याकडं टेपनं पिवळ्या पडून गेलेल्या चाळीसेक शीट होत्या आणि त्यातलं काही परत आलं नाही. कॅटलॉगमध्ये नकाशे सापडले नाहीत तर निराश होऊ नका, काउंटरवर सांगा की मॅप कॅबिनेट बघायचंय, आडवे रुंद ड्रॉवर असतात, बहुतेक वेळा कुठल्यातरी कोपऱ्यात. गावाचं नाव सांगून तिथं शीट मिळत नाही, नंबरच लागतो. तुमचं गाव आणि तालुका खाली लिहा, नंबर मी काढून देते.