वाचक विचारतात : बोटीवरचं सेमिस्टर

प्रश्न : ताई, मी एस.वाय.ला आहे. एक सेमिस्टर बोटीवर राहून शिकायचं असा प्रोग्रॅम असतो म्हणे. घरचे म्हणतात ही नुसती ट्रिप, अभ्यास कसला होणार? – एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : अगं अभ्यास असतो आणि भरपूर असतो. तू म्हणतेयस तो बहुतेक सेमिस्टर ॲट सी, १९६३ पासून चालू आहे आणि २०१६ पासून त्याचे क्रेडिट्स अमेरिकेतली कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी देते. साधारण शंभर दिवस, दहाएक देश. घरच्यांना एवढं सांग की बोट बंदरात असताना तास नसतात, म्हणून समुद्रावरचा जवळपास प्रत्येक दिवस तासांचा, मग तो रविवार का असेना. सोमवार-मंगळवारच नाहीत तिथे, ए डे आणि बी डे, आज हे विषय उद्या ते. शिवाय प्रत्येक विषयाचा एक अख्खा दिवस बंदरात प्रोफेसरांबरोबर फील्ड क्लास, तो चुकवून चालत नाही.

मी गेले होते म्हणून सांगते, जग फिरायची हौस एवढंच कारण असेल तर नको जाऊस. खरं सेमिस्टर दोन बंदरांच्या मधे होतं, चहूकडे पाणी, नेट यथातथा, आणि सकाळी ज्यांनी शिकवलं तेच सर रात्री जेवायला तुमच्याच टेबलवर, मग वर्गात राहिलेली चर्चा तिथे दोन-दोन तास चालते, पुण्यात कॉलेज सुटल्यावर आपण बस पकडायला पळतो, हे कधी मिळतच नाही. त्यात घड्याळ सारखं बदलतं. दर १५ अंश रेखांशाला एक तास, पश्चिमेकडे जाताना झोप तासभर वाढते आणि पूर्वेकडे जाताना तेवढीच कापली जाते, पण सकाळचा तास असतोच.

आमची बोट कोचीला थांबली तेव्हा वर्गातले सगळे मलाच विचारायला लागले, हा कुठला सण, ती पाटी काय म्हणते, आणि मला मल्याळमचं एक अक्षर येत नव्हतं. 'इंडिया' म्हणजे काय हे मी पुण्यात बसून किती गृहीत धरलं होतं ते तिथे कळलं आणि पुढचे कितीतरी दिवस तेच डोक्यात होतं.

प्रश्न : माझ्या मुलाला ताम्हिणी घाटातसुद्धा गाडी लागते, बोटीवर त्याचं काय होईल? – एक आई, सहकारनगर

उत्तर : काकू, बोट पहिल्या दोन-तीन दिवसांत बऱ्याच जणांना लागते, मग शरीराला सवय होते. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय आणि डोळ्यांना केबिनची भिंत स्थिर दिसते, हा गोंधळ झाला की मळमळतं. म्हणून डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं, पुस्तक बंद. केबिन शक्यतो खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध मागा, तिथे हेलकावे कमी. पोट रिकामं ठेवू नये, कोरडं थोडं थोडं खावं, आलेपाकाच्या वड्या नक्की द्या बरोबर. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, पण काहींनी झोप येते, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : कागदपत्रांची तयारी कधी सुरू करायची? – एक विद्यार्थी, औंध

उत्तर : सात-आठ महिने आधी, आणि मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. अमेरिकन मुलं बऱ्याच देशांत व्हिसाशिवाय उतरतात, आपल्या पासपोर्टवर तसं होत नाही, आणि पासपोर्ट एकच, तो एका दूतावासात अडकला की दुसरीकडे अर्ज करता येत नाही. कोरी पानं मोजून ठेव. रूटमध्ये आफ्रिकेतले यलो फीव्हरचे देश असतील तर लस निदान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, ते सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं, पण ते नसेल तर अशा देशातून भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात.

आणि क्रेडिट्सचं. फी वीस लाखांच्या पुढे जाते, तेव्हा बोटीवरच्या कुठल्या विषयाच्या बदल्यात इथला कुठला विषय धरणार हे कॉलेजकडून निघण्याआधीच लेखी घे, सिलॅबस जोडून, सही-शिक्क्यासकट. मला माझ्या कॉलेजात तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले होते, मी विश्वास ठेवला, परत आले तोवर त्या मॅडमची बदली झालेली आणि दोन पेपर मला पुढच्या वर्षी पुन्हा द्यावे लागले.