पाळी पंधरा दिवस थांबत नाही, डॉक्टर पिशवी काढायला सांगतात. काढावी का?

ताई, तुमचं वय ४३, पाळीत रक्ताच्या गाठी पडतात आणि सोनोग्राफीत 'पिशवी सुजलीय' म्हणून थेट ऑपरेशन सांगितलंय. मी डॉक्टर नाही, पण पाच वर्षांपूर्वी याच फेऱ्यातून गेले.

मलाही पहिल्याच भेटीत तारीख मिळाली होती. वर "दोन मुलं झालीत ना, आता तिचा काय उपयोग?" नणंदेने हट्टाने दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, दिवसाला पॅड किती लागतात, रात्री उठावं लागतं का? मी कालनिर्णयची पानं पुढे केली. लाल फुल्या मोजत म्हणाल्या, "आठ दिवसांच्या वर जायला नको." मग प्रेग्नन्सी टेस्ट (मला हसूच आलं), थायरॉइड, सीबीसी (रक्ततपासणी), आतून सोनोग्राफी. हिमोग्लोबिन ७.८! जिना चढताना धाप लागायची, ती मी वयावर ढकलत होते.

मग बारीक नळीने पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ओपीडीतच. पाळीसारखी जोरात कळ येते, पण लगेच संपतं. पंचेचाळिशीनंतर हे टाळूच नये. वजन जास्त असेल किंवा गोळ्यांनी फरक पडत नसेल तर त्याआधीही करतात. तुमची ही तपासणी झालीय का? कॅन्सर नाही हे कळल्याशिवाय काढायची की ठेवायची, हे ठरवणार कशावर?

माझं अ‍ॅडिनोमायोसिस निघालं, म्हणजे अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरलेलं. पॉलिप (अस्तरावरचा छोटा कोंब) असता तर दुर्बिणीने काढून भागलं असतं. मला पाळीपुरती रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी, शिरेतून लोह आणि आत हार्मोनची मिरेना (तांबीसारखं साधन) बसवली. (पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर ती गोळी चालत नाही, मेडिकलमधून मनाने आणू नका.) पहिले चार महिने रोज थोडं थोडं जातच राहिलं, वैतागून मिरेना काढायलाच निघाले होते. सहाव्या महिन्यापासून पाळी जवळपास बंद.

पिशवी काढणं चूकच असं नाही. माझ्या जावेला मोठे फायब्रॉइड (पिशवीतल्या गाठी) होते, तिची काढली, ती सुखात आहे. पण बीडकडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये काय बाहेर आलं ते आठवा. कित्येकींच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढलेल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

तुमचं हिमोग्लोबिन किती ते लिहिलं नाहीत. उद्या सकाळी आधी ते तपासा. तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर सकाळचीही वाट पाहू नका.