लिफ्ट आहे, मग रॅम्प कशाला?

प्रश्न: सून डॉक्टर आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात दोन मजली दवाखाना बांधायलोय. इंजिनियर म्हणतो लिफ्ट आहे तर रॅम्प नको, जागा वाया जाते. काय करू?

उत्तर: काका, रॅम्प अजिबात सोडू नका. लाइट गेली, जनरेटर चालू झाला नाही किंवा आग लागली, तर स्ट्रेचरवरचा पेशंट खाली आणणार कसा? उतार 1:12 ठेवा, म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबी, मजला 11 फूट धरला तर 132 फूट झाले आणि वळणावरचे सपाट टप्पे वेगळे, जागा खातो हे खरं पण तिथं काटकसर नको. कॉरिडॉर 8 फूट ठेवा, दोन स्ट्रेचर समोरासमोर आले तरी अडत नाहीत. आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू, अँब्युलन्स थांबते तिथं रुंद छत पाहिजेच की, पेशंट उतरवताना भिजता कामा नये! वॉर्डला समोरासमोरच्या भिंतीत खिडक्या द्या, साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो आणि टीबी कोंदट खोलीत लवकर पसरतो. केपीएमई (कर्नाटकातला खासगी दवाखान्यांचा कायदा) नोंदणीचे नियम मात्र नकाशा फायनल करायच्या आधीच सुनेबरोबर बसून वाचा, नंतरची पाडापाडी लई महाग पडते.