वाचकांचे प्रश्न: बाग हिरवीगार, पण घड कुठंयत?

प्रश्न: नमस्कार सर, निफाड तालुक्यात माझी अडीच एकर थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे, अकरा वर्षांची. २०२५ ला एप्रिलची खरड छाटणी (नवी काडी तयार करायची) वेळेवर झाली, खता-औषधात कुठं हात आखडला नाही, पण मे पासून पाऊस लागला तो लागलाच. ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठीची) केली, बाग एकदम भारी फुटली, पण झाडाला पाच-सहा घड आणि बाकी नुसती बाळी (घडाऐवजी येणारा दोरीसारखा तणावा). छाटणीत माझं काय चुकलं? आणि परत असाच पाऊस झाला तर काय करायचं?

उत्तर: दादा, छाटणीत चुकलं हे आधी मनातून काढून टाका, तुमचं काही चुकलेलं नाही. घड तुमचा मे-जूनलाच गेला होता, तुम्हाला दिसला नाही तो ऑक्टोबरला. आपण सगळे गोडी छाटणीला जेवढा जीव लावतो त्याच्या निम्माही उन्हाळ्यात लावत नाही, आणि आता हवामान असं झालंय की तीच दोन महिनं सगळ्यात महागात पडतायत.

काय होतं बघा, खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. त्या वेळेला डोळ्यावर ऊन पडायला पाहिजे आणि मुळाला थोडा पाण्याचा ताण पाहिजे. २०२५ ला मान्सून २६ मेलाच मुंबईत आला, नेहमी तो ११ जूनच्या आसपास येतो, आणि त्याच्या आधीपासून अवकाळी चालूच होता. म्हणजे नेमकं घड धरायच्या टायमाला वर ढग आणि खाली चिखल. झाड मग शेंडा वाढवत सुटतं, आत जिबरेलिन (शेंडा वाढवणारं संजीवक) वाढतं, सायटोकायनिन (घड धरायला लागणारं संजीवक) कमी पडतं आणि जिथं घड व्हायचा तिथं बाळी होते.

पावसाला आपण थांबवू शकत नाही पण काडीवर ऊन पाडणं आपल्या हातात आहे. फुटी पाच-सहा पानांच्या झाल्या की जास्तीच्या लगेच काढा, मजूर मिळाले की बघू म्हणून पंधरा दिवस लांबवू नका. सात पानांवर शेंडा मारून सबकेन करा (म्हणजे तिथून निघालेल्या बगलफुटीची काडी पुढं वाढवा), काड्या एकमेकीवर चढू देऊ नका, खालच्या डोळ्यांना उजेड दिसला पाहिजे. पाऊस चालू असताना ड्रिपमधून नत्र पूर्ण बंद, स्फुरद आणि नंतर पालाशवर भर द्या. दोन ओळींच्या मधून चर काढून पाणी बाहेर काढा, भारी काळ्या रानात तर हे पहिलं काम. ६ बीए आणि युरासिल या घड धरायला मदत करणाऱ्या औषधांच्या फवारण्या वेळेवर घेतल्या तर मदत होते, पण सावलीत दबलेल्या काडीवर त्या वाया जातात. आणि शेंडा थांबत नाही म्हणून सीसीसीचा (क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारं औषध) मारा करू नका. २०१० ला त्याच क्लोरमेक्वाटच्या फळात उरलेल्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तो मार किती शेतकऱ्यांना बसला ते तुमच्या भागात कुणालाही विचारा.

दुसरं, गोडी छाटणीच्या आधी काडी तपासून घ्या, हे मी हात जोडून सांगतो. मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली डोळा बघितला तेव्हा थक्क झालो होतो, ब्लेडने उभा चिरलेला डोळा, आत फिकट हिरवट बारीकसा गोळा, त्याला खांदा फुटलेला दिसला तर तो घड, आणि लांबट टोकदार दिसलं की समजायचं बाळी. कितव्या डोळ्यावर घड आहे ते कळलं की तिथंच छाटणी घेता येते, कुठं सबकेनच्या गाठीजवळ तर कुठं दोन डोळे पुढं. आणि तपासणीत घडच नसतील तर त्या प्लॉटचं पेस्टिंग (डोळे फुटायला लावायचं औषध), डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), मजुरी यावरचा खर्च आधीच आवरता येतो. कर्ज काढून रिकाम्या बागेला पोसण्यापेक्षा त्या वर्षी झाडाला ताकद द्या.

प्रश्न: तासगाव भागातून लिहितोय. सगळे प्लास्टिक आच्छादन करा म्हणतायत. फुलोऱ्यात पाऊस आला की डावणी (पानावर-घडावर येणारा बुरशीचा रोग) आणि कुजेने बाग जाते. करावं का?

उत्तर: उपयोग आहे, खोटं बोलणार नाही. डावणीला पानावर पाणी लागतं, ते थांबलं की फवारण्या निम्म्यावर येऊ शकतात आणि अंशाची चिंताही कमी. पण प्लास्टिकखाली भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी) वाढते, तिकडं दुर्लक्ष झालं तर मणी खराब. शिवाय सांगाडा वाऱ्याला टिकणारा पाहिजे, नाहीतर एका वादळात मांडवासकट सगळं खाली येतं. माझं मत असं की आधी एकच प्लॉट झाका, जो सगळ्यात आधी छाटता आणि ज्याला दर चांगला मिळतो तो. सटाणा-बागलाणकडं अर्ली छाटणी भर पावसाळ्यात होते, तिथं याची गरज जास्त आहे.

बाकीच्या प्लॉटला छाटणीच्या तारखा पंधरा-वीस दिवसांनी पुढंमागं ठेवा, म्हणजे एकच पाऊस सगळ्या बागेला फुलोऱ्यात गाठणार नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडकडं गारपीट झाली तेव्हा अवघ्या काही मिनिटांत उभ्या बागा गेल्या, गारेपुढं तारखांचा इलाज चालत नाही, म्हणून विमा मात्र भराच. रात्री पाऊस थांबला तर उजाडायची वाट न बघता औषध न घेता मोकळा ब्लोअर फिरवा, घडातलं पाणी झडतं. हे साधं काम आहे पण कुजीला याचा फार फरक पडतो.

प्रश्न: छाटणीच्या काड्या बांधावर पेटवून देतो, सगळेच देतात. काही नुकसान आहे का? (दिंडोरी तालुक्यातून एक ताई)

उत्तर: ताई, नुकसान आहे, जमिनीचं अन्नच जाळतो आपण. गावात कुणाकडं तरी श्रेडर असतो, भाड्याने घ्या, काडीचा चुरा बोदावर (वेलीच्या ओळीतला मातीचा उंचवटा) पसरा, वरून थोडं शेणखत आणि ट्रायकोडर्मा (काडी कुजवणारी उपयोगी बुरशी) टाका. उन्हाळ्यात बोद गार राहतो, ओल टिकते आणि टँकरच्या दिवसात ड्रिपचं पाणी वाचतं. फक्त एक गोष्ट जाळायचीच, खोडावरची सुटलेली जुनी साल. तिच्याखाली मिलीबग (पिठ्या ढेकूण) लपून बसतो, ती काढताना खाली पोतं अंथरा म्हणजे बोदावर सांडणार नाही.