प्रकार घडत नसतो

बाळा,

प्रागच्या सहलीचा तुझा अहवाल रात्री दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीशी थांबले. 'मद्यपानाच्या प्रभावामुळे अनुचित प्रकार घडला.' प्रकार घडत नसतो रे. तो कुणीतरी करतं. या वाक्यातला कर्ता कुठे गेला?

खाली मला वेगळं लिहिलंयस. 'ताई, माणूस चांगला आहे, पाच दिवस सगळ्यांच्या बॅगा उचलत होता. ती रात्र दारूची होती.' ऑफिस म्हणतंय, जुने प्रवासी आहेत, मोघम लिही. आणि प्रागच्या त्या गल्लीतली आजी तुझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिच्या दारात त्याने लघवी केली, ती खिडकीतून ओरडली तर तिची नक्कल करून तो आणखी मोठ्याने ओरडला. मग तुझा गोंधळ नेमका कसला आहे? तुला उत्तर ठाऊक आहे. ते लिहायला हात धजत नाहीये, एवढंच.

त्या संध्याकाळचं होस्पोदा, तिथला तो बिअरचा गुत्ता, आठव. शेजारच्या टेबलावर तिथलीच माणसं होती ना? टेबलावरच्या कागदाच्या चिठ्ठीवर वेटर एकेका ग्लासची रेघ ओढत होता आणि त्यांच्या चिठ्ठीवर रेघा तुमच्याहून जास्त होत्या, हे तूच मला फोनवर नवलाने सांगितलंस. माणशी बिअर पिण्यात चेक लोक कित्येक वर्षं जगात पहिले आहेत. दारू आपोआप माणसाला असं वागायला लावत असती, तर ते शहर कधी झोपलंच नसतं. तिथली माणसं तीन-तीन तास एकाच बाकावर बसतात, बोलत पितात आणि घरी जातात. रात्री दहानंतर शांतता हा तिथे कायदाच आहे आणि तो त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. ते संत आहेत असं मी म्हणत नाही. दारूने तिथेही घरं मोडतात. पण बिअर तीच होती, बाक तेच होते आणि गल्लीत ओरडला तो आपला माणूस.

आणखी एक. पोलीस आले तसा तो ताठ उभा राहिला आणि 'सॉरी सर' म्हणाला, हे तुझ्याच अहवालात आहे. म्हणजे कुणासमोर कसं वागायचं हे त्याला त्या अवस्थेतही कळत होतं. म्हातारीसमोर चालेल आणि गणवेशासमोर चालणार नाही, हा हिशेब दारूने केला का? तो त्याने केला. कर्ता तो आहे.

हे माझं एकटीचं खूळ नाही. मॅकअँड्र्यू आणि एजर्टन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६९ मध्ये जगभरच्या समाजांची वर्णनं ताडून हेच मांडलं. दारूने जीभ जड होते, पाय अडखळतात, पण प्यायलेल्या माणसाने काय करायचं हे त्याला त्याच्या समाजाने शिकवलेलं असतं. बोलिव्हियातल्या कांबा लोकांबद्दल वाच. जवळजवळ शुद्ध मद्यार्क म्हणावा अशी दारू ते शुद्ध हरपेपर्यंत प्यायचे, आणि तरी त्यांच्यात ना मारामारी व्हायची ना कुणाच्या अंगाला हात लागायचा. घाईने पिणंसुद्धा शिकवलेलं असतं. ऑस्ट्रेलियात १९१६ पासून काही राज्यांत बार संध्याकाळी सहाला बंद होऊ लागले. काम सुटलं की तासाभरात जेवढं ढोसता येईल तेवढं ढोसायची सवय लागली, आणि शेवटच्या राज्याने तो नियम १९६७ मध्ये काढला. माणूस परदेशी जाताना हे सगळं अंगात घेऊन जातो. आणि तिथे कुणी ओळखीचं नाही, परवा तर निघायचंच आहे, म्हणून स्वतःला सूट देतो. ही सूट तो स्वतः देतो. बाटली देत नाही.

आता माझं ऐक. मी हे इतकं ताणून का धरते, ते तुला कळायला हवं.

जपानमध्ये ओसाकाला एका इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, माझ्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी वाढायला आलेल्या मुलीचा हात धरला आणि सोडेनात. मी तेव्हा जपानबद्दल बरंच वाचलेलं होतं. आपला ग्लास आपण भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा. साहेब आणि कारकून एकत्र प्यायला बसले की 'बुरेइको', म्हणजे मानापमान बाजूला. दारूच्या भरात बोललेलं दुसऱ्या दिवशी काढायचं नाही. हे पाठ असल्याचा मला अभिमान होता, आणि त्याच ज्ञानाची मी ढाल केली. मालकिणीला वाकून म्हणाले, त्यांना जरा जास्त झाली आहे. ती म्हणाली, 'दाइजोबु', काही हरकत नाही. मी सुटले.

ती मोकळीक एका टेबलावर बसलेल्यांची एकमेकांना असते. वाढणाऱ्या मुलीने ती कधीच दिलेली नव्हती. जिथे सूट असते तिथे तिला कुंपणही असतं, आणि ते कुंपण बघायला मी विसरले. पुढे तीन वर्षं त्या जागेत टेबल मागितलं, तिन्ही वेळा अतिशय नम्र उत्तर आलं की त्या तारखेला जागा नाही. तेव्हा कुठे मला 'दाइजोबु'चा अर्थ लागला. त्या मुलीकडे मी त्या रात्री एकदाही वळून पाहिलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

त्यानंतर माझ्या एकाही अहवालात दारू कर्ता झाली नाही. अमुक गृहस्थांनी अमुक केलं, असंच लिहिलं. लोक म्हणाले मी प्रवासी तोडले. ज्या कंपनीत चौदा वर्षं काढली तिथून मला शेवटी बाहेर पडावं लागलं, आणि कारण हेच होतं. मी हट्टी होते, हे मान्य. पण चूक होते हे आजही मान्य नाही. ज्यांची नावं लिहिली, त्यांतले दोघं पुढच्या सहलीला माझ्याकडेच आले आणि पिऊन नीट वागले. नाव लिहिलं जातं हे कळलं की माणसाला स्वतःला आवरता येतं. आणखी काय पुरावा द्यायचा मी?

शहरं आता कंटाळली आहेत. प्रागने २०२४ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात पर्यटकांना बारमागून बार फिरवणाऱ्या सहली बंद केल्या. टोकियोच्या शिबुयात त्याच वर्षापासून संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर पिता येत नाही. स्पेनच्या मायोर्का आणि इबिझा बेटांवरच्या काही भागांत २०२० पासून सगळं पॅकेजमध्ये देणाऱ्या हॉटेलांत दिवसाला दारूची सहाच पेयं. त्यांची तडफड मला कळते, तिथे झोपायचं त्यांना असतं. पण हे नियम ग्लास मोजतात आणि घड्याळ बघतात. अॅमस्टरडॅमने २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना उद्देशून 'लांब राहा' अशी मोहीम काढली. तिथे निदान कर्ता आला, पण एका देशाची अख्खी पिढी गुन्हेगार झाली, आणि तेही मला पटत नाही. शहराला एकेक माणूस कसा दिसणार? तो तुला दिसतो. तू त्याच्यासोबत असतोस, त्याचं नाव तुझ्या यादीत असतं. म्हणून तुझ्या त्या तिसऱ्या ओळीसाठी मी एवढी भांडते आहे.

तू पहिल्या संध्याकाळी ग्रुपला काही सांगितलं होतंस का? मला वाटतं नाही, नाहीतर लिहिलं असतंस. पुढच्या वेळी पहिला ग्लास यायच्या आधी सांग, इथली माणसं कशी पितात ते जरा बघा. तेही तुझंच काम आहे. तुझ्याकडून ते राहिलं असेल तर तेही अहवालात लिही, 'मी सांगितलं नाही' असं, तुला कर्ता करून.

त्या इमारतीचा पत्ता तुझ्याकडे आहे. त्या गृहस्थांना सांग, आजींना चार ओळी स्वतःच्या हाताने लिहा आणि खाली सही करा. 'दारूमुळे' हा शब्द त्यात आला तर कागद परत दे. ते नाही म्हणाले तर तू लिही, आणि ते नाही म्हणाले हेही अहवालात घाल.

तिसरी ओळ त्यांच्या नावाने सुरू कर. ऑफिसला पाठवण्याआधी मला पाठव. कितीही वाजू देत, मी जागी आहे.

तुझी
ताई