वाचकांचे प्रश्न : समुद्राचं पाणी आहे ना, मग काटकसर कशाला?

प्रश्न : कोरड्या भागात गोडं पाणी कमी असतं हे मान्य, पण खारं पाणी गोडं करता येतं ना आता? मग सारखं 'कमी वापरा' काय?

उत्तर : येतं की, आखाती देशांचं बरंचसं पिण्याचं पाणी तसंच येतं. पण आरओने समुद्राच्या पाण्यातून हजार लिटर गोडं पाणी काढायला साधारण 3 ते 4 युनिट वीज जाते, उरलेलं अतिखारट पाणी कुठेतरी सोडावं लागतं, आणि गाव समुद्रापासून लांब किंवा उंचावर असेल तर पंपिंगचा खर्च वेगळाच. एवढं करून पाईपलाईन गळकी असेल तर काय उपयोग? त्यामुळे आधी मीटर, गळती शोधणं, रात्री प्रेशर कमी करणं. बोरिंग कामं आहेत, उद्घाटनाची फीत कापता येत नाही, म्हणून मागे पडतात.

आणि लोक वापर कमी करतात बरं का. केपटाऊनला 2018 च्या फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला फक्त 50 लिटरची मर्यादा घातली, दर वाढवले, आणि नळ बंद करायची वेळ टळली (पुढे पाऊसही आला, तेही खरं). नामिबियातलं विंडहोक तर 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात घेतंय.

प्रश्न : आणि शेतीत सगळीकडे ठिबक केलं की प्रश्न मिटला?

उत्तर : नाही मिटत, आणि मुद्दा इथेच आहे कारण जगात गोड्या पाण्याचा सुमारे 70 टक्के उपसा शेतीसाठी होतो. पाटाने दिलेल्या पाण्यातलं थोडं मुरून खालच्या कुणाच्या तरी विहिरीत जात असतं, ठिबकने ते मुरणं कमी होतं, आणि 'वाचलेल्या' पाण्यावर माणूस अजून एकरभर पीक घेतो, तेही जास्त पाणी लागणारं, म्हणजे त्याचं उत्पन्न वाढतं पण भूजल अजून खाली जाऊ शकतं. शेतकऱ्याला नावं ठेवू नका, कुणीही हेच करेल. लास वेगासचं गणित बघा, तिथे घरातलं सांडपाणी शुद्ध होऊन परत तलावात जातं, पण लॉनवरचं पाणी हवेत उडून जातं, म्हणून ते लॉन काढायला पैसे देतात, आंघोळीच्या मागे फारसे लागत नाहीत. शेतीतही तसंच, जे पाणी मुरून परत येतच होतं ते अडवणं ही खरी बचत नाही, म्हणून आधी उपशावर मर्यादा आणि मोजणी, मग ठिबकला सबसिडी. उलट क्रमाने केलं तर सबसिडी जाते आणि पाणीही.