स्टेल्थ, म्हणजे रडारपासून लपणारं, विमानही धातूचंच असतं, मग नुसत्या आकारामुळे ते रडारला कसं चुकवतं? आणि ते कधीच दिसत नाही का?

मी बेलापूरला राहतो आणि बोटींवरची रडारं बसवण्याचं, दुरुस्तीचं काम बरीच वर्षं केलं आहे. लढाऊ विमानाला कधी हात लावलेला नाही. पण रडारच्या लहरीला समोर बोट आहे की विमान याच्याशी देणंघेणं नसतं, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

दुपारी ठाणे–वाशी लोकलच्या खिडकीतून ऐरोलीकडच्या काचेच्या इमारती पाहा. एखादी काच क्षणभर डोळे दिपवते आणि लगेच विझते. ऊन तेच असतं, काचही तीच, फक्त तुमची गाडी त्या परतीच्या किरणाच्या वाटेतून पुढे निघून गेलेली असते. आता एखाद्या गच्चीवर घासलेली स्टीलची कळशी आहे असं समजा. तिच्यावरचा छोटा चमकता ठिपका मात्र गाडी कुठेही गेली तरी दिसत राहतो. गोल पृष्ठभाग थोडं थोडं सगळीकडे परत पाठवतो, सपाट पृष्ठभाग जवळजवळ सगळं एकाच दिशेला. साध्या विमानाचं गोलसर धड म्हणजे ती कळशी, आणि स्टेल्थ विमान म्हणजे तिरकी धरलेली काच. लहर परावर्तित होतेच, पण रडार असतं तिथे परत येत नाही.

याहून वाईट गोष्ट म्हणजे काटकोन. कॅरमच्या कोपऱ्याजवळ स्ट्रायकर लागोपाठ दोन पट्ट्यांवर आपटला की आला त्याच दिशेने परत फिरतो, तुम्ही कुठल्याही कोनातून मारा. लहरीचंही तेच. आमच्या धंद्यात याचा उलटा उपयोग होतो: लाकडी आणि फायबरच्या होड्यांचा इको, म्हणजे आपटून रडारकडे परत येणारी लहर, फार क्षीण येतो, म्हणून काठीवर एकमेकांना काटकोनात बसवलेल्या तीन धातूच्या पत्र्यांचा रिफ्लेक्टर टांगतात. जेमतेम हातभर वस्तू, पण मोठ्या जहाजाच्या पडद्यावर होडी ठळक उमटते. साध्या लढाऊ विमानात असे रिफ्लेक्टर फुकटात बसलेले असतात. उभी शेपटी आणि आडवा पंख यांत काटकोन, पंखाखाली टांगलेल्या बॉम्बपाशी काटकोन. आणि इंजिनाचं तोंड म्हणजे तर गुहाच, लहर आत शिरते, फिरत्या पात्यांवर आपटते आणि सरळ बाहेर येते. म्हणून स्टेल्थ विमानाच्या शेपट्या तिरक्या असतात किंवा नसतातच, शस्त्रं पोटात असतात आणि हवेची वाट नागमोडी करून पाती नजरेआड ठेवतात. आपल्या एएमसीए या नियोजित भारतीय स्टेल्थ लढाऊ विमानाच्या आराखड्यातही हेच आहे.

पण नुसती काच तिरकी धरून भागत नाही, कारण काचेला कडा असतात आणि कडेवरून लहर सगळीकडे फाकते. ती किती आणि कुठे फाकते याचं गणित प्योत्र उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने मांडलं. 1962 साली मॉस्कोत त्यांचं पुस्तक छापलं गेलं आणि ते गुपितही ठेवलं नाही. अमेरिकी हवाई दलाने 1971 मध्ये त्याचा अनुवाद करून घेतला, आणि लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सर या गणितज्ञाच्या हाती तो पडला. त्यावरून त्यांनी संगणकाचा प्रोग्राम लिहिला, पण त्या काळच्या संगणकाला वक्र पृष्ठभागाचं गणित झेपेना. म्हणून लॉकहीडचं स्टेल्थ विमान एफ-117 पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं टोकदार झालं. ते 1981 मध्ये उडालं. पुढे संगणक वाढले, आणि 1989 मध्ये उडालेल्या बी-2 या अमेरिकी स्टेल्थ बॉम्बफेकी विमानाला गुळगुळीत वळणं देता आली. त्याच्या सगळ्या कडा मोजक्याच दिशांना समांतर ठेवल्या आहेत. कडांमुळे जे परत जायचं ते त्या ठरावीक दिशांना जाऊ दे, बाकी अंधार. लहर शोषणारा लेप असतोच, पण माझ्या मते त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. आकार चुकला तर लेप काही वाचवत नाही.

एक किस्सा सांगतो. सुरुवातीच्या चाचण्यांत खांबावर ठेवलेलं मॉडेल रडारला दिसेना, आणि अचानक दिसलं. पाहिलं तर त्यावर एक काळा पक्षी येऊन बसला होता. इको पक्ष्याचा होता!

आता तुमचा दुसरा प्रश्न. दिसतं, पण उशिरा. लहर जाताना पसरते आणि येतानाही पसरते, त्यामुळे विमानाचा इको 10,000 पट कमी केला तरी रडारचा पल्ला फक्त 10 पट घटतो. म्हणजे 200 किलोमीटरवरून दिसणारं विमान 20 किलोमीटरवर आल्यावर दिसेल. ताशी 900 किलोमीटर वेगाने पाहिलं, तर शत्रूला मिळणारी 13 मिनिटं 80 सेकंदांवर येतात.

शिवाय ही सगळी करामत लहर विमानाच्या मानाने बरीच आखूड असते तेव्हाच नीट चालते. आमच्या बोटींवरच्या रडारची लहर 3 सेंटिमीटरच्या आसपास असते. पण लहरच दीड-दोन मीटरची असेल, तर शेपटीसारखे भाग तिच्याच मापाचे होतात आणि कोन कितीही जपून दिलेले असले तरी इको येतो. 27 मार्च 1999 ला सर्बियात एक एफ-117 पाडलं गेलं, तेव्हा त्या तुकडीकडे असंच जुनं, लांब लहरीचं सोव्हिएत रडार होतं.